सासूबाईंची पिवळी

नाही, तुम्हीच सांगा, ज्याच्या हंड्यातला बाकला, वालासारखे जाडजूड दाणे शिजवलेले, पोटात गेल्याशिवाय निम्मं मन्सूरा शहर कामाला हलत नाही, त्या मितवल्लीच्या, म्हणजे माझ्याच घरात बाकल्याला बंदी! आणि बंदी कोणाची? सासूबाईंची! लग्नाच्या दिवशीच मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, आवाज असा, की विहिरीच्या तळातून यावा, "जावईबापू, बाकला फुलला की आमच्यात पिवळी येते. बायकांना सोडते, पुरुष नेते. माझे दोन भाऊ नेले, थोरला मुलगा नेला." आणि मी काय केलं? हसलो! तुम्हाला सांगतो, हात पोटावर ठेवून हसलो!

मग एकदा ऐन बहरात त्यांच्या गावी गेलो. घराला तिन्ही बाजूंनी बाकल्याचं शेत. पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलावर काळा ठिपका... वारा पडलेला, आणि हजारो डोळे घराकडे लागलेले. आत माझा मेव्हणा तल्अत, रेड्यासारखा गडी, पिवळीच्या धाकानं खिडक्या लावून तीन आठवडे बसलेला. मी बाहेरून हाका मारतोय, "अरे तल्अत!" तर ओ देईना! आतून फक्त श्वास ऐकू येतोय. अंगावर काटा आला हो... पण दाखवायचा कसा? हसलो!

पुढे रिदवान झाला. सहा वर्षं बायकोनं, वगीदानं, त्याला बाकल्याचा दाणा दाखवला नाही. लोक मला विचारायचे, "काय रे, स्वतःच्या पोराला तुझा माल चालत नाही?" किती ऐकून घ्यायचं माणसानं? वसंताच्या सणाला सगळं गाव कालव्याकाठी, जो तो हिरव्या शेंगा सोलतोय. वगीदा म्हणाली, "अहो, त्याला नका देऊ, पाया पडते." मी हसलो, आणि ओंजळभर दिल्या. पोरगं काय खूश झालं म्हणता!

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "बाबा, शू काळी झाली." बघतो तर उकळून उकळून आटलेला चहा! डोळे पिवळे, ओठ पांढरे, हात लावावा तर अंग भट्टी. त्याला उचलून दार उघडतो, तर दारात सासूबाई उभ्या! कोणी फोन केला नव्हता हो, कोणीच नाही!

"तुम्ही... इथं कशा?"

"दरवर्षी या आठवड्यात येते, दारापर्यंत. आतून तुमचं हसणं ऐकलं की परत जाते. आज ऐकू आलं नाही."

दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीण, तिनं आधी रक्त चढवलं, मग बोलली. म्हणाली, "याच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी आहे, आईकडून आलेली. बाकला खाल्ला की रक्तपेशी फुटतात." आणि त्या रोगाचं हे एवढं लांबलचक नाव सांगितलं. सासूबाई म्हणतात, "एवढं नाव घेईस्तोवर पोरगं जातं, बाई. आम्ही पिवळीच म्हणतो."

वगीदा पोराचे पाय धरून बसलेली. शेवटी पुटपुटली, "माझ्याकडूनच आलं."

मी म्हटलं, "तुझ्याकडून रक्त आलं गं. शेंगा माझ्या हातून गेल्या."

दोन रात्री तो बाटलीतला थेंब थेंब मोजला मी. तिसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, "भूक लागली." तिथंच फरशीवर बसलो आणि ढसाढसा रडलो.

वाचला. पण डॉक्टरीण मोठी चिवट, माझ्या धाकट्या लेकीचं, शहीराचंही रक्त तपासलं! शहीरा चार वर्षांची, मुलगी म्हणून बंदीतून सुटलेली, बाकल्यानं गाल फुगलेले, टुणटुणीत. म्हणाली, "हिला काही व्हायचं नाही. पण हिच्यातही आहे. हिच्या मुलग्यांना येऊ शकतं."

तेव्हापासून पोरगी समोर खिदळत बाकला खाते आणि मला तिच्या मागं कोणीतरी उभं दिसतं... पिवळं, लहान, अजून जन्मायचं असलेलं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी कुठला तरी धडधाकट जावई येणार, त्याला कोपऱ्यात घेऊन मी सांगणार, "जावईबापू, बाकला फुलला की..." आणि तो काय करणार? हसणार! मग काय, दरवर्षी त्याच्या दाराशी जाऊन उभं राहायचं... सासूबाई म्हणून!