धुराची ढाल

आदरणीय अध्यक्ष दाजीसाहेब, कशेळीहून आलेले प्रमुख पाहुणे फखरुद्दीनशेठ, आज निवृत्त होणारे आमचे मॅनेजर नूरुद्दीन साहेब, आणि शिफ्ट सोडून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मी जैनब, या कापड कारखान्यातली केमिस्ट. साहेबांविषयी दोन शब्द बोल, असा हुकूम झाला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि दोनच शब्द? जुलूम आहे हा!

साहेबांचं मोठं काम तुम्हांला माहीत आहेच. बॉयलरच्या चिमणीचा धूर नळीने सांडपाण्याच्या हौदात सोडायचा. कापडाला चमक देणाऱ्या कॉस्टिकचं पाणी अंग जाळतं, त्याचा दाहकपणा धुरातल्या कर्बवायूने मरतो; पूर्वी त्यासाठी ॲसिड विकत आणत होतो. शिवाय वाटेत त्याच धुरावर बॉयलरचं पाणी तापतं, कोळसा वाचतो. आपलं पाणी जातं त्या नारपोलीच्या नाल्यात पाय पडला की कातडी सोलवटायची, ते थांबलं. याबद्दल साहेबांना सन्मानाची ढाल मिळाली. टाळ्या वाजवा ना!

आता ऐका. ही कल्पना मी सांगितली तेव्हा साहेब म्हणाले, "धुराने कधी पाणी साफ होतं काय? डोकं ठिकाणावर हाय ना?" मग मी आणि बॉयलरवाल्या कोंडूने सुट्टीच्या दिवशी चिमणीला भोक पाडून नळी बसवली. नासधूस केली म्हणून साहेबांनी कोंडूला कामावरून काढलं. आणि भोक? ते नाही हो बुजवलं! ढाल घेऊन त्याच्याच शेजारी फोटो काढला. चोर तर चोर, वर शिरजोर. कोंडू आज निजामपुऱ्यात हातगाडी ओढतो. मला या अन्यायाचा राग आजही येतो, आणि तो गिळायला मी इथे आलेली नाही.

काल साहेब मिठाई घेऊन माझ्या घरी आले. फखरुद्दीनशेठांनी आपल्या कशेळीच्या कारखान्यात त्यांना हेच काम करायला सल्लागार नेमलंय ना! म्हणाले, "बेटी, तिकडे जरा नळी जोडून दे. कुणाला बोलू नको." म्हटलं, उद्या सांगते.

तर साहेब, न्हाय येणार.

फखरुद्दीनशेठ, कोंडूला ड्युटीवर घ्या, मी दुसऱ्या दिवशी हजर होते. साहेबांनाच ठेवायचं असेल, तर आत्ता विचारा त्यांना, हौदाआधी धुरातली काजळी कुठे अडवायची? बघा, खाली बघताहेत.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर अध्यक्षांनी आणि सभेने माफ करावं. नूरुद्दीन साहेबांनी मात्र तसदी घेऊ नये. त्यांच्याबद्दल एक शब्दही चुकून बोललेले नाही.