आमचा पार्ट फेल जात नसतो

...नाही, पण मी म्हणतो, पोरीच्या परीक्षेच्या दिवशी गाडीत दोन तज्ज्ञ कशाला भरायचे? बाप एकटा पुरेसा नव्हता का? पण नाही! बजाजनगरच्या पुंडलिकनं चार दिवसांपूर्वी नवीकोरी डिझेल गाडी घेतली. पोरगी विशाखा इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या सेंटरवर निघालेली, गेट साडेआठला बंद म्हणजे बंद, आणि हा भला माणूस अतुल अन् राजकुमारला हाक मारतो, "चला रे, इंजिनाचा आवाज ऐकायला!" आवाज ऐकायला! मैफल आहे का ती?

आता तुम्हाला सांगतो, हे तिघं वाळूजच्या एमआयडीसीत, तीन वेगवेगळ्या कंपन्यांत. पुंडलिक इंजिनाचे व्हॉल्व्ह घासतो, राजकुमार क्लचप्लेटा तपासतो, अतुल वायरिंग जोडतो. अख्खी गाडी बनताना तिघांपैकी एकानंही बघितलेली नाही, पण त्यांच्या पार्टाकडं बोट दाखवाल तर बोट परत मिळायचं नाही! "आमचा पार्ट फेल जात नसतो!" हे पुंडलिक म्हणतो, राजकुमार म्हणतो, अतुल तर झोपेत म्हणतो.

सव्वासातला गोलवाडी फाट्यावर लक्ष्मीबाईच्या टपरीपाशी चहाला थांबले. का? तर इंजिनाचा टर्बो तापलाय, त्याला दम खाऊ द्यायचा! पुंडलिकनं मिनिटभर इंजिन नुसतंच चालू ठेवलं, मग अलगद बंद केलं, जसं काय पाळण्यातलं बाळ झोपवलं. चहा झाला. पुंडलिक आत बसला, क्लच दाबला, बटण दाबलं... काहीच नाही. पुन्हा दाबलं. समोरच्या पडद्यावर सूचना आली, क्लच पूर्ण दाबा.

"दाबलाय की बाबा!" पुंडलिक पडद्यावरच ओरडला.

राजकुमार लालबुंद. "क्लच? माझ्यासमोर क्लचचं नाव? आमचा पार्ट फेल जात नसतो! पेडलमागच्या स्विचची वायर बघ."

"वायर?" अतुल ताडकन खाली उतरला. "आमचा पार्ट फेल जात नसतो! पुंडलिक, तू तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं ना, तिथंच चुकला. थरथर लई. थरथरून थरथरून सगळं ढिलं होतंय."

"इंजिनाला बोलायचं काम नाय! ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे, वजनाला हलका!"

"हलकाच ना? बिडाचा, ओतीव लोखंडाचा ब्लॉक म्हंजे कसा, आजोबा गेले तरी इंजिन जायचं नाय!"

झालं! बॉनेट उघडलं. साडेसात. तीन डोकी आत, सहा पाय बाहेर. मागून विशाखा म्हणते, "पप्पा, मी रिक्षा बघू का?"

"बस गं, दोन मिनिटं!"

पोरीनं ऐकलं नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून हात करत राहिली, पण रिक्षा सगळ्या शिफ्टवाल्यांनी गच्च, एकाचा पाय आत तर दुसऱ्याचा डबा बाहेर! पावणेआठ. पुंडलिकला घाम फुटला. आयटीआयच्या पुढं तो गेला नव्हता. पोरीनं पार्ट घासू नये, पार्टाचं ड्रॉइंग काढावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि इथं हे बिडावर भांडतायत!

तेवढ्यात लक्ष्मीबाई ग्लास न्यायला आली. पुंडलिकचा ग्लास गाडीतच राहिलेला. ती दारातून वाकली अन् ओरडली, "ओ भाऊ, ही पायपुसणी कशी गोळा केलीय पायाखाली!" अन् खस्सकन ओढली. जाडजूड रबरी मॅट, पुढं सरकून पेडलखाली घुसलेली! पुंडलिक बसला, दाबला, तर पेडल पार तळाला. बटण दाबलं... घुर्रर्र!

सात पंचावन्न. मग गाडी अशी सुटली, अशी सुटली, की क्रांती चौकातला सिग्नल म्हणे घाबरून आपणच हिरवा झाला! सिडको गेलं, चिकलठाणा गेलं. आठ एकोणतीस. वॉचमन गेट ओढतोय, फटीतून विशाखा आत, मागं गेट धाड! पुंडलिक फुटपाथवर मटकन बसला. रडला म्हणे. कुणाला सांगू नका.

साडेबाराला पोरगी बाहेर आली. बघते तर काय, बॉनेट उघडं, तीन डोकी आत!

"पप्पा, पेपर मस्त गेला. आता काय बिघडलं?"

"बिघडलं काहीच नाय," आतून राजकुमार म्हणाला. "पण एका मॅटनं गाडी बंद पडते व्हय? ती चालू कशी झाली, ते शोधतोय."

"मी सिटी बसनं जाते."

पुंडलिकनं मान वर न काढताच हात हलवला. "जा बाई. आमचं अजून एकमत व्हायचंय."