उतरवलेला मँडोला

नाशिकच्या द्वारका चौकातल्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या तेजश्रीच्या शेजारी एक आजोबा मांडीवर मँडोला, म्हणजे मेंडोलिनसारखं तंतुवाद्य, घेऊन बसले होते, पलीकडे आजी.

“अहो, माझ्या घशाच्या ऑपरेशननंतर याचे सूर तुम्ही उतरवलेत ना?”

“कोणी सांगितलं?”

“कपाटात जाड तारांचं रिकामं पाकीट सापडलं.”

“उतरवल्यावर जुन्या तारा सैल पडून खडखडायला लागल्या, म्हणून जाड बसवल्या.”

“आणि पेटीवाला गोरक्ष?”

“त्यालाही दोन पट्ट्या खाली वाजवायला सांगितलं.”

“मी आपली वर्षभर भजनी मंडळात सांगत सुटले, आवाज पहिल्यासारखा झाला म्हणून.”

“तू गाणं सोडलं असतंस.”

तिची नाशिक रोडची बस आली आणि गेली. तेजश्री बसूनच राहिली.

“मग आता पूर्वीसारखा लावू?”

“नको. अजून एक पट्टी उतरवा.”