भिंतीचा घाम

माझं नाव पास्कू, धंदा चुन्याच्या गवंडीकामाचा, बाप तोच करायचा, आजाही तोच, आणि रेवदंड्याच्या खाडीकाठचं आमचं चर्च तिघांच्याही हाताखालून गेलेलं. पोर्तुगीजांच्या काळातलं हाय. आत एकही खांब न्हाय, सगळं छप्पर दोन बाजूंच्या भिंतींवर, आणि भिंत इतकी जाड की लहानपणी खिडकीच्या कट्ट्यावर आडवा होऊन मी रविवारची अख्खी प्रार्थना, आमची मिस्सा, झोपून काढलीय. काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा. अशी भिंत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडून देते, तिला कोंडायचं नसतं, एवढीच आमची विद्या.

तर काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांमागं कमिटीला चर्च नटवायची हौस आली. पनवेलचा कंत्राटदार आणला, त्यानं बापाच्या चुन्यावर सिमेंट थापलं, वर चकचकीत ऑइलपेंट. मी म्हटलं, अहो, ही भिंत कोंडेल. तो म्हणाला, काका, तुमचा जमाना गेला. कमिटी हसली. मला तेव्हाच थापी फेकून मारायची होती, हातात नव्हती म्हणून वाचला.

पाऊस संपला आणि येशूच्या आईची, मारियाबाईची मूर्ती जिच्यावर उभी त्या लाकडी वेदीमागं भिंतीला थेंब फुटले. नाताल मावशी रोज तिथं माळ जपते, तिनं पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, बाई रडते. झालं. मेणबत्त्या काय, थेंब टिपायला कापसाचे बोळे काय, अलिबागहून गाड्या काय. मी ओरडून सांगतोय, आसवं न्हाईत, घाम हाय, कोंडलेल्या भिंतीचा घाम. कोण ऐकतो. आमच्या बायकोनं बाटलीभर घाम घरी आणून माझ्याच गुडघ्याला चोळला. गुडघा बरा झाला, तो राग वेगळाच.

पण एके दिवशी मी वेदीच्या सागवानी पायाला अंगठा लावला आणि नख आत गेलं, लोण्यात जावं तसं. आज्याच्याही आधीच्या सुतारांनी कोरलेली वेदी, द्राक्षांचे वेल, देवदूतांचे फुगलेले गाल, आणि खालून कुजतेय, आणि लोक तिच्यासमोर गुडघे टेकून अजून थेंब मागतायत. फादरना सांगितलं, हे सिमेंट आजच काढा. ते म्हणाले, पास्कू, चर्चची फेस्त-जत्रा होऊ दे, लोकांची श्रद्धा हाय. डोकं फिरलं माझं. रविवारची मिस्सा सुटल्यावर, सगळे आत असतानाच, छिन्नी लावून हातोडा घातला. दरवाजाएवढा पापुद्रा सुटून खाली आला, मागं बापाचा चुना ओलाचिंब. कमिटीवाले धावले, वेड लागलं काय तुला.

नाताल मावशी तेवढी जागची हलली न्हाय. म्हणाली, मग पास्कू, मी पोरासाठी जे मागितलं, ते भिंतीकडं मागितलं काय रे? तिचा लेक जहाजावर हाय, वर्ष झालं फोन न्हाय. म्हटलं, मावशी, बाईकडंच मागितलंस, पण बाई ज्या लाकडावर उभी हाय ते वाचवू दे मला. तिनं उठून वेदीवरची मेणबत्ती बाजूला केली. मग फादर म्हणाले, काढ पास्कू.

आता रोज खरवडतोय. निम्मी भिंत उघडी हाय, सुकतेय. वेदीचा एक पाय गेला, तो नवा घालावा लागेल, बाकीचे अजून घट्ट हायत. गाड्या यायच्या बंद झाल्या, कमिटी माझ्याशी बोलत न्हाय, न बोलू दे. देव सगळ्यांचं भलं करो, त्या कंत्राटदाराचंही करो, त्याला भरपूर कामं मिळोत, फक्त खाडीच्या पलीकडं.