नावाच्या रकान्यात पप्पू

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरला माणसं ओळखता येत नाहीत का हो?" अहो, कशी येणार? तुम्हाला सांगते, नाशिकरोडला माझं वधूवर केंद्र. आता सगळं मोबाइलवर, स्थळाची माहिती ज्यानं त्यानं भरायची, आणि मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगते की नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव... नावाच्या रकान्यात नाव लिहायचं, एवढंच! पण नाही! कुणी लिहितं 'आमची लाडाची सोनू', कुणी नुसतंच 'चि.', एकानं तर लिहिलं 'फोनवर सांगतो'!

पण नामपूरच्या अहिऱ्यांनी कहर केला! एकुलता एक मुलगा महेश, इंजिनियर. वडिलांनी, गेणूभाऊंनी भरलं 'अहिरे महेश गेणू', फोटो कॉलेजातला, मिसरूडही न फुटलेला. महेशच्या काकांनी, झिपरूकाकांनी आपल्या फोनवरून भरलं 'इंजि. एम. जी. साहेब', सूट आणि दाढी! आणि आईनं, बायडाबाईंनी... 'पप्पू'! जत्रेतला फोटो, गॉगल! मी फोन केला, "मावशी, खरं नाव लिहा ना." तर त्या गरजल्या, "त्याले समदा पप्पूच म्हनतस!" आता मला काय स्वप्न पडणार, हे तिघं एकच म्हणून?

झालं! वणीचे रावजी, त्यांची मुलगी दीपमाला. त्यांना कॉम्प्युटरनं नामपूरची तीन मुलं दाखवली. कॉलेजवाला नाकारला, "लय बारीक हाय." दाढीवाला नाकारला, "वय जास्त दिसतंय." आणि गॉगलवाला पसंत! निघालो नामपूरला जीप करून, दीपमालाही आणि मी पण बरोबर... तर पाण्याचा तांब्या घेऊन दारात कोण? दाढीवाला! रावजी माझ्या कानाशी, "ताई, ह्याला तर नाय म्हनलो ना! पप्पूला बोलवा."

"मीच पप्पू," महेश म्हणाला.

"आन् भिंतीवरच्या फोटोतला हा कॉलेजवाला बारक्या?"

"तोही मीच."

"फसवणूक! उठा रे सगळे!" रावजी उभेच राहिले! अहो, केंद्राची अब्रू जीपमध्ये बसून वणीला निघाली होती! मी दारात आडवी झाले. "भाऊ, खोटं कुणीच बोललं नाही! नावाच्या रकान्यात नाव लिहायचं, एवढंच चुकलं हो!" आणि इतका वेळ मान खाली घातलेली दीपमाला एकदम खुदकन हसली, "बाबा, तुम्ही दोनदा नाकारलं आणि तरी तिसऱ्यांदा पसंत पडला, म्हणजे नीट पारखलाय की! मला चालेल."

रावजी हसले, पोहे आले, आणि मी काय केलं? तिघांचे फोन मागितले! दोन नोंदी तिथंच पुसल्या, तिसरीत बायडाबाईंनी स्वतःच्या बोटानं लिहिलं, 'महेश'! आणि काय सांगू, बाईंच्या अंगातच आलं! ज्याचं नाव वेडंवाकडं, त्याच्या आईला ह्यांचा फोन, "सोनूबिनू चालाव नही, खरं नाव लिख!" मी वर्षभर ओरडले ते त्यांनी लग्नाच्या आधी करून दाखवलं! एक 'चि.' नाही, एक 'साहेब' नाही, सगळा कॉम्प्युटर धुतल्या तांदळासारखा! जिंकले हो मी, जिंकले!

मग लग्न. नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं... 'वेदिका'! टाळ्या! मीही वाजवल्या. मग हळूच बायडाबाईंना विचारलं, "मावशी, आता कॉम्प्युटरात, जमलेल्या लग्नांच्या यादीत काय ठेवू? दीपमाला की वेदिका?"

"वेदिका लिख," त्या म्हणाल्या, "घरमा तर आम्ही तिले छबीच म्हनसूत!"

मी सरळ पंगतीला जाऊन बसले.