रिंगेवर नाव कुठं लिहायचं?

आदरणीय अध्यक्ष इंद्रजीतराव, प्रमुख पाहुण्या डॉ. भाग्यश्रीताई, व्यासपीठावरचे विश्वस्त, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या तनुजाताई घुले, आणि बिबवेवाडीच्या या सभागृहात वेळेवर आलेल्या व न आलेल्या सर्व दात्यांनो, नमस्कार.

मी वैजनाथ. आपल्या संस्थेतून परदेशातल्या गरीब शाळांना जी वह्या-पुस्तकं, सूक्ष्मदर्शकं जातात, ती मी पाहतो. दवाखान्यांना जाणारी यंत्रं तनुजाताई पाहायच्या. मांजरीहून रोज स्कूटरवर यायच्या, आणि दान आलेलं यंत्र स्वतः चालवून बघितल्याशिवाय खोक्यात घालू द्यायच्या नाहीत. एका मोठ्या दात्यांनी विचारलं, "अहो ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" ताई म्हणाल्या, "तुमच्यावर आहे. यंत्रावर नाही." ते दाते पहिल्या रांगेत बसलेत आणि हसतायत, म्हणून सांगितलं.

आता जरा मनातलं बोलतो. आपल्या पुण्यात दान म्हटलं की पाटी आलीच. बाकावर पाटी, पंख्यावर पाटी, पाणपोईवर पाटी, 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्यात वाईट काही नाही. आईवडिलांचं नाव राहावं असं कुणाला वाटत नाही?

तशीच पाटी लावून आपण मलावी देशातल्या एका खेड्यातल्या प्रसूतिगृहाला हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र पाठवलं. कुकरचाच मोठा भाऊ म्हणा. कुकरची रिंग गेली की काय होतं, हे इथल्या भगिनींना मी सांगायला नको. तशी त्याची गेली. तिथं ती मिळत नाही. ताईंनी पदरमोड करून एक पाठवली. शेवटी रबरच ते, तीही गेली. मग ताई दात्यांकडे रिंगा मागू लागल्या. सगळीकडे उत्तर एकच. "रिंगेवर नाव कुठं लिहायचं? त्यापेक्षा नवं यंत्रच देतो की!"

मध्यंतरी तिथल्या परिचारिकेनं, ग्रेसबाईंनी, फोटो पाठवला. यंत्र कोपऱ्यात, वर स्वच्छ कापड, पाटी लख्ख. पाटी त्या रोज पुसतात, कुणाच्या तरी वडिलांचं नाव आहे म्हणून. आणि बाळंतपणाची हत्यारं पातेल्यात उकळतात. तो फोटो ताईंनी मला दाखवला. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

निरोपाला शाल नको, श्रीफळ नको, तेवढ्या रिंगा पाठवा, असं ताईंनी समितीला सांगून ठेवलं होतं. समितीनं काय केलं? ते टेबलावर झाकून ठेवलेलं दिसतंय ना? अध्यक्षमहोदय आता त्याचं अनावरण करतील. तसंच नवंकोरं यंत्र आहे, त्याच प्रसूतिगृहाला जाणार आहे. वर पाटी आहे, 'तनुजाताई घुले यांच्या गौरवार्थ'. वर्षभर चालेल. मग ग्रेसबाईंना पुसायला दोन पाट्या.

मघाशी आत चहा घेताना ताईंना ते दाखवलं. त्यांनी पाटीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "आणि रिंगा?" आम्ही सगळे एकदम चहात बिस्कीट बुडवण्यात गुंतलो.

असो. अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी आणि तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

ताई, तुम्ही मात्र रिंगांचं पोटात घालू नका. नमस्कार.