डुलणारी बोटच हवी

विम्याच्या ऑफिसात रांगेत माझ्यापुढे काठी टेकून उभ्या असलेल्या एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ होता. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "बोटीच्या सहलीचा विमा ना? गेल्या वर्षात काही आजार?"

"छे हो. ताईला एकदा जराशी चक्कर आली होती, बस."

"चक्कर? अरे, अर्धं अंग लुळं पडलं होतं माझं! लिहा हो, पॅरालिसिसचा झटका."

"ताई, हळू बोल ना! हप्ता वाढवतील."

"वाढवू देत. आत्ता लपवलं, तर पुढे काही झाल्यावर हेच लोक हात वर करतील."

"बरोबर बोललात, काकू. पण मग डॉक्टरांचं पत्रही लागेल. त्यापेक्षा जवळपास कुठेतरी जाऊन या ना."

"हेच सांगून सांगून माझा घसा बसलाय! पायाखाली हलती जमीन कशाला हवी हिला?"

"हलते म्हणूनच हवी! इथे रस्त्यानं निघाले की जो तो माझ्या पायांकडे बघतो. बोट डुलायला लागली की सगळेच माझ्यासारखे चालतील."

"ताई, मला बोट लागते गं."

"माहीत आहे. लहानपणी तळ्यातल्या नावेत माझ्याच मांडीवर ओकला होतास. वर्षभर माझा दंड धरून फिरवलंस ना मला? आता मी तुझा धरते."

"काकू, मग विमा दोघांचा काढायचा?"

"हो. आधी याचा काढा."